सुईची डुबकी

भार्गवीचं पत्र आलं तेव्हा नवरात्र नुकतं उठलं होतं, आणि आता रंगपंचमी होऊन दोन दिवस झाले तरी त्याला उत्तर गेलेलं नव्हतं.

पोतनीस सरांच्या बाबतीत हे आक्रीतच म्हणायचं. दत्तात्रय पोतनीस उज्जैनच्या एका कॉलेजात छत्तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते, आता अठ्ठ्याहत्तरीत होते, आणि पत्राला उत्तर न देणं म्हणजे त्यांच्या लेखी कोणी नमस्कार केल्यावर तोंड फिरवणं होतं. ओळखीपाळखीच्यांच्या लग्नपत्रिकेलासुद्धा ते दोन ओळींचा आशीर्वाद पोस्टाने धाडत. माणसांसमोर त्यांना बोलायला सुचत नसे. फोनवर तर त्याहून नाही. समोरच्याने ‘हॅलो’ म्हटलं की यांचं निम्मं वाक्य विरून जाई. कागदावर मात्र आपण बरे उतरतो असं त्यांना वाटे. अर्थात तेही रोज वाटत नसे.

भार्गवीला हे ठाऊक होतं, म्हणूनच तिने ना फोन केला ना ईमेल. चांगलं पाठपोट लिहिलेलं दोन कागदांचं पत्र पाठवलं. वीस-एकवीस वर्षांपूर्वी ती एम.एस्सी.ला त्यांची विद्यार्थिनी होती. वडील बँकेत, महाराष्ट्रातून बदलीवर आलेले आणि मग इथेच राहिलेले. आता ती बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत होती, आणि तिचा विषय होता घन पदार्थांतले क्वासिपार्टिकल. म्हणजे कणांसारखे वागणारे, पण सुटे काढून बाटलीत भरता न येणारे कण.

सर हा विषय वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवत, पण शिकवत छान. ते सांगत, महाकालाच्या रांगेत पुढचा माणूस एक पाऊल सरकला की त्याच्या मागे एक जागा रिकामी होते. तिच्यात मागचा येतो, मग त्याची जागा रिकामी. माणसं पुढे जातात आणि रिकामी जागा मागे मागे चालत येते. ती जागा म्हणजे कोणी माणूस नव्हे, पण चालते मात्र माणसासारखी. स्फटिकात प्रकाशाचा धक्का खाऊन इलेक्ट्रॉन जागचा उठला की अशीच रिकामी जागा मागे ठेवतो, तिला होल म्हणायचं. इलेक्ट्रॉन ऋण, होल धन. दोघांना एकमेकांची ओढ लागते आणि थोडा वेळ दोघं जोडीने हिंडतात. ही जोडी म्हणजे एक्सायटॉन.

या जोडीची गणितं भार्गवी सतरा वर्षं करत होती. आता तिच्या संस्थेत एक नवं यंत्र यायचं होतं. काही अणूंइतक्याच जाडीच्या पापुद्र्यावर लेसरचा एक अतिशय छोटा ठोका मारून जोडी निर्माण करायची, लगोलग दुसरा ठोका मारून जोडीतला इलेक्ट्रॉन बाहेर उडवायचा, आणि तो कोणत्या दिशेने किती वेगाने आला हे मोजून, आत तो होलभोवती कसा होता त्याचं चित्र काढायचं. जगात मोजक्या ठिकाणी हे जमलं होतं. संस्थेची इच्छा होती की ते यंत्र भार्गवीने सांभाळावं. होकार-नकार एकतीस मार्चपर्यंत कळवायचा होता. आणि भार्गवीने कॉलेज सोडल्यापासून एकाही यंत्राला हात लावलेला नव्हता.

पत्राचा शेवट सरांना पाठ झाला होता.

“सर, माझ्या गणितात ही जोडी मला रोज भेटते. पण आपल्या प्रयोगशाळेतली त्या दिवशीची सुई मी विसरलेले नाही. तुम्ही म्हणालात, हात घाईचा आहे, थिअरी घे. मी घेतली, तक्रार नाही. आता या वयात यंत्रापाशी उभं राहायचं तर एवढंच विचारायचं आहे. त्या दिवशी दिसलं ते खरंच काही होतं, की माझा हातच तसा होता? मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. जे असेल ते लिहा.”

उत्तर सरांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अडचण तीच होती.

पाच महिने त्यांनी ते पत्र एका जाड पुस्तकात ठेवलं. आठवड्यातून एकदा काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं. पाडव्याच्या आधीच्या साफसफाईत विनोदिनीबाईंनी ते पुस्तक झटकलं आणि पत्र खाली पडलं. वाचायला त्यांनी परवानगी मागितली नाही. लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर ती कोण मागतं. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि उत्तरपत्रिका उभ्याउभ्याच तपासायची त्यांना सवय होती. पत्रही त्यांनी तसंच वाचलं.

“हिला उत्तर पाठवलंत?”

“पाठवायचं आहे.”

“एकतीस मार्च लिहिलंय. आज एकवीस.” मग फडकं खांद्यावर टाकून त्या समोर बसल्या. “काय झालं होतं त्या दिवशी?”

सरांनी सांगायला सुरुवात केली. एरवी तीन वाक्यांत दमणारा माणूस त्या दिवशी चहा गार होईपर्यंत बोलत राहिला.

भार्गवीने प्रकल्प घेतला होता तांब्याच्या लाल ऑक्साईडचा. घरातलं एक तडकलेलं ताम्हन तिने आणलं. देवाचं भांडं भट्टीत घालते म्हणून आई दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. ताम्हनाचा तुकडा हजार अंशांवर भाजून, सावकाश निववून, पाण्याच्या पॉलिशपेपरवर घासून घासून तिने डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल, आरपार दिसणारी चकती केली. अशी चकती खूप थंड केली आणि तिच्यातून प्रकाश सोडला, तर पिवळ्या रंगापाशी ठरावीक जागी तो गिळला जातो. कारण तेवढ्याच प्रकाशातून आत जोडी जन्माला येते. जपानात आणि रशियात पन्नास वर्षांपूर्वी हे दिसलेलं होतं. नवीन काहीच नव्हतं. फक्त उज्जैनच्या त्या प्रयोगशाळेत ते कोणी पाहिलेलं नव्हतं.

थंड करायला लागतो द्रव नायट्रोजन. तो कॉलेजात कुठला? पण जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या सरकारी केंद्रात तो असतो. प्रयोगशाळेतला सहायक रमेश स्कूटरवर डबा बांधून तिथून घेऊन येई, आणि तिथला डॉक्टर दर वेळी त्याला विचारी की तुमच्या कॉलेजात यंदा म्हशी किती.

त्या प्रयोगशाळेत दोन पद्धती होत्या. एक सगळीकडची. कच्च्या वहीत पेन्सिलने आकडे घ्यायचे, मग पक्क्या वहीत ते शाईने उतरवायचे आणि आलेखावर छान गुळगुळीत रेष काढायची. रेषेबाहेर पडलेला बिंदू पक्क्या वहीत जात नसे. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण परीक्षक रेष बघत, बिंदू बघत नसत, आणि मुलं शहाणी होती. दुसरी पद्धत सरांनी स्वतः घातलेली. प्रकाशाचा रंग बदलायचं चाक जो फिरवील त्याने उजेड मोजणाऱ्या मीटरच्या सुईकडे पाहायचं नाही. सुई दुसऱ्याने वाचायची, चाकाकडे न बघता, आणि आकडा मोठ्याने सांगायचा. डोळ्यांना हवं असतं तेच दिसतं, असं ते म्हणत. स्वतःच्या डोळ्यांवर तर त्यांचा मुळीच भरवसा नव्हता.

परीक्षेच्या दिवशी भार्गवी चाक फिरवत होती, रमेश सुई वाचत होता. तांबड्याकडून हिरव्याकडे जाताना आकडे सारखे उतरत गेले. पिवळ्यापाशी सुई एकदम खाली गेली, परत वर आली, थोडं पुढे गेल्यावर पुन्हा जराशी खाली. भार्गवीने कच्च्या वहीत बिंदू मांडले आणि ती धावत सरांकडे आली. म्हणाली, सर, खड्डा पडतोय. दोन पडतायत.

बाहेरचे परीक्षक, ज्यांना सगळे भय्यासाहेब म्हणत, ते वीस मिनिटांत यायचे होते. सरांच्या हातापायांना घाम सुटला होता. बाहेरचा परीक्षक येणार म्हटलं की त्यांना तो दर वर्षी सुटे. त्यांनी वही बघितली. खड्डा जिथे होता तिथेच पाऱ्याच्या दिव्याच्या पिवळ्या रेषा येतात, आणि शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी पाऱ्याचा दिवा मांडलेला होता. त्यांनी निदान करून टाकलं: शेजारचा उजेड शिरतोय. शिवाय नायट्रोजनच्या बुडबुड्यांनी सुई थरथरत होती, त्यावर ते म्हणाले की तू चाक झटक्याने फिरवतेस. पक्क्या वहीत सरळ रेष काढ.

तिने काढली. भय्यासाहेबांनी आलेख पाहून विचारलं की एवढा खटाटोप करून नायट्रोजन आणला, आणि रेष ही अशी साधीच? भार्गवीने सरांकडे पाहिलं. सरांनी फरशीकडे पाहिलं. तिला मधले गुण पडले.

संध्याकाळी सायकलवरून घरी येताना चामुंडा माता चौकात सर खाली उतरले आणि सायकल धरून उभे राहिले. शेजारच्या दिव्याचा उजेड आत आला तर सुई वर जाईल. खाली कशी येईल? इतकी साधी गोष्ट. बारावीच्या मुलाला सुचली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेजारचे सगळे दिवे बंद केले. डब्यात थोडा नायट्रोजन उरला होता. त्यांनी चाक फिरवलं, रमेशने सुई वाचली. दोन खड्डे, त्याच जागी. त्यांनी ते भार्गवीच्याच कच्च्या वहीत पुढच्या पानावर लिहिले, खाली तारीख घातली. पण गुणांचं पाकीट आदल्या दिवशी सील होऊन भय्यासाहेबांबरोबर गेलं होतं. ते उघडायला लावायचं म्हणजे अर्ज, खुलासा, आणि भय्यासाहेबांसमोर उभं राहून माझं चुकलं म्हणणं. सरांनी वही घरी आणली आणि ट्रंकेत ठेवली.

“इथपर्यंत माणसाच्या हातून होतं,” विनोदिनीबाई म्हणाल्या. “पण तिला थिअरी घे कधी सांगितलंत?”

“तीन आठवड्यांनी. ती विचारायला आली होती, पुढे काय करू म्हणून.”

“म्हणजे माहीत असताना.”

सरांनी इतक्या वर्षांचा आपला आडोसा पुढे केला. म्हणाले की तेवढं खात्रीने माहीत होतं असंही नाही. आदल्या रात्री मी पुस्तक वाचून गेलो होतो, खड्डा कुठे यायला हवा ते मला ठाऊक होतं. मला तो दिसायला हवाच होता. माझ्या निरीक्षणाचा काय भरवसा?

विनोदिनीबाईंनी फडकं उचललं. “सुई कोणी वाचली होती म्हणालात?”

“रमेशने.”

“रमेश देवास गेटला मुलाच्या दुकानात बसतो. मागच्या महिन्यात माझा मोबाईल त्यानेच दुरुस्त केला. जिवंत आहे.”

दुसऱ्या दिवशी सर देवास गेटला गेले. बसस्टँडसमोरच्या गल्लीत, भिंतींवर अजून गुलालाचे आणि हिरव्या रंगाचे डाग होते, तिथे रमेशचं दुकान म्हणजे एक काउंटर आणि दोन स्टुलं. रमेश डोळ्याला भिंग लावून एका मोबाईलच्या पट्टीवर डाग देत होता. सरांना पाहून तो उठला, पायांना हात लावला, आणि त्यांनी नको नको म्हणायच्या आत चहा सांगून मोकळा झाला. एक गिऱ्हाईक फोन हातात धरून तक्रार करत होतं की हा तव्यासारखा तापतो. रमेशने त्याला दोन तासांनी या म्हणून वाटेला लावलं.

विषय कसा काढावा हे सरांनी वाटेत पक्कं केलं होतं, ते आता आठवेना. त्यांनी सरळ विचारलं, तुला भार्गवीची ती लाल चकती आठवते का.

“आठवते म्हणजे?” रमेश हसला. “त्या नायट्रोजनपायी मला पूर्ण केंद्र म्हशीवाला म्हणायचं, सर. सुई ने डुबकी मारी थी.”

सरांनी सावकाश विचारलं, डुबकी कधी मारली? दुसऱ्या दिवशी, मी चाक फिरवत होतो तेव्हा?

“दोनों दिन. दुसऱ्या दिवशी तर मारलीच. पण आदल्या दिवशी ताईंनी फिरवलं तेव्हा मला वाटलं माझीच नजर चुकली. मी बोललो, ताई, वापस घुमाओ. त्यांनी तीन वेळा मागे नेऊन आणलं. तीनों बार डुबकी वहीं की वहीं. रामघाटावर पंडा सांगतो तिथेच बुडी मारावी, तशी.”

“तुला ठाऊक होतं का, कुठे पडायला हवी ते?”

“मला काय ठाऊक, सर? तुम्हीच तर चाकाकडे बघू द्यायचे नाही.”

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचा आडोसा त्यांच्याच पद्धतीने काढून घेतला होता. मग त्यांनी हाताचं विचारलं. तिचा हात कसा होता, घाईचा होता का.

रमेशने आतल्या बाजूला बसलेल्या आपल्या मुलाकडे, हर्षलकडे, मान वळवली. “या साहेबाचा हात तसा असता तर निम्मे मोबाईल परत आले नसते.” हर्षलने वर न बघता सांगितलं की पप्पा हे रोज कोणाच्या तरी हाताबद्दल म्हणतात, काल पाणीपुरीवाल्याच्या म्हणाले होते. रमेशने ते कानाआड केलं. “सर, सुई हलत होती ती बुडबुड्यांनी. मी तुम्हाला तेव्हाच बोललो होतो.”

“मला? कधी?”

“अहो, त्याच दिवशी. बाजूचा दिवा तर मीच विझवला होता, तो विद्यार्थी पेपर लिहायला बसल्यावर. मी बोललो, सर, दिवा बंद आहे, और ताई का हाथ ठीक है. तुम्ही बोलले, चूप बैठ रमेश, भय्यासाहेब आ गए.”

सरांना हे आठवत नव्हतं. ते तिथेच स्टुलावर बसून आठवू लागले. तो दिवस त्यांनी शेकडो वेळा मनात उगाळला होता. घाम आठवत होता, भय्यासाहेबांचा कोट आठवत होता, फरशीवरचा शाईचा डाग आठवत होता. रमेशचं वाक्य तेवढं नव्हतं. आठवणीचीसुद्धा आपण पक्की वही करून टाकली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. रेषेबाहेरचा एक बिंदू गाळून.

रमेशला वाईट वाटलं असावं. विषय बदलायला त्याने विचारलं की ताई आता काय करतात, आणि त्या डुबकीचं पुढे होतं काय. सरांनी सांगितलं. काउंटरवरच्या तापलेल्या फोनला बोट लावून ते म्हणाले की यात जे धावतं ते विद्युतभार, आणि भार धावला की घासतो, घासला की तापतो. ही जोडी ऊर्जा वाहून नेते, पण तिचा एकूण भार शून्य. कोणत्या पदार्थात ती किती वेळ टिकते, किती लांब जाते, हे नीट बघता आलं तर कधीतरी न तापणारी सर्किटं करता येतील. सौरपट्टीत जोडी तोडायची असते म्हणजे वीज मिळते. दिव्यात दोघांना परत एकमेकांत मिळू द्यायचं, म्हणजे उजेड मिळतो. ती किती वेळात तुटते, किती वेळात मिटते, हे आजवर बरंचसं हिशेबाने ठरवत. आता बघून ठरवतील.

“कधीतरी म्हणजे कधी?”

“ते मला सांगता येणार नाही. मी नसेन.”

“मग आमचा धंदा बुडायला वेळ आहे,” रमेश म्हणाला, आणि पुन्हा भिंग लावून बसला.

घरी येऊन सरांनी ट्रंक उघडली, कच्ची वही काढली. पेन्सिल पुसट झाली होती, पण वाचता येत होती. एका पानावर भार्गवीचे आकडे, पुढच्यावर त्यांचे. भार्गवीच्या पानावर तीन ओळी एकाखाली एक होत्या, तीन वेळा चाक मागे नेऊन घेतलेल्या. इतकी वर्षं त्यांनी स्वतःचंच पान पाहिलं होतं.

मग ते लिहायला बसले. पहिला मसुदा चार पानं झाला. त्यात एक्सायटॉनची कल्पना कशी पुढे आली, तांब्याच्या ऑक्साईडचं महत्त्व काय, नव्या पापुद्र्यांत ही जोडी साध्या तापमानालाही कशी टिकते, हे सगळं व्यवस्थित होतं. विनोदिनीबाईंनी ते वाचून परत दिलं.

“हे मासिकाला पाठवा. तिने विचारलंय त्याचं उत्तर कुठे आहे?”

सरांना राग आला नाही. खरं तर तिसऱ्या पानावरच त्यांना ते कळलं होतं. त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद घेतले, पेन्सिल घेतली, आणि रविवारची सकाळ बसून दुसरा मसुदा लिहिला. खोडलं, वर लिहिलं, परत खोडलं. एका जागी कागद फाटला. दुपारी जेवून उठल्यावर त्यांनी चांगला पांढरा कागद काढला, पेनात शाई भरली आणि सुवाच्य अक्षरात ते उतरवून काढलं. खाली सही केली.

पाकिटात घालण्याआधी, छत्तीस वर्षांच्या सवयीने, त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं. कच्च्यात होतं, “मला माहीत होतं.” पक्क्यात झालं होतं, “मला शंका होती.” कच्च्यात रमेशचं वाक्य होतं आणि त्यावर आपण दिलेलं उत्तर होतं. पक्क्यात त्या जागी “परीक्षेच्या धावपळीत” एवढेच शब्द होते. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. हात आपोआप रेष गुळगुळीत करत गेला होता.

पांढऱ्या कागदाची घडी करून त्यांनी ती जाड पुस्तकात, भार्गवीचं पत्र होतं त्या जागी ठेवली, आणि पेन्सिलीचे कागद उचलले.

विनोदिनीबाई दारात आल्या होत्या. “हे असं खाडाखोडीचं पाठवणार?”

“हो. तिला कच्च्यातलंच हवं आहे.”

“पेन्सिल पुसली जाईल. घडीच्या जागी शाईने गिरवा,” त्या म्हणाल्या, आणि पाकीट शोधायला आत गेल्या.

कच्च्या कागदांवरचं पत्र असं होतं:

“चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, त्याचं कारण प्रकृती नाही. त्या दिवशी तुला दिसलं ते खरं होतं. तुझा हात घाईचा नव्हता. तू तीन वेळा चाक मागे नेलंस आणि तीनही वेळा सुई त्याच जागी खाली आली. रमेशने मला तेव्हाच सांगितलं होतं की दिवा बंद आहे आणि तुझा हात ठीक आहे. मी त्याला गप्प बसवलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ते मोजलं, मलाही तेच मिळालं. तीन आठवड्यांनी तू विचारायला आलीस तेव्हा मला हे माहीत होतं. तरी मी तुला तसं सांगितलं, कारण खरं सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. त्या दिवशी घाई झाली ती माझी. नंतरचं गप्प राहणं घाईचं नव्हतं, ते मी सावकाश आणि विचार करून पाळलं.

“तू होकार द्यावा की नकार, हे मी सांगणार नाही. असा सल्ला द्यायचा अधिकार मी एकदा वापरून घालवला आहे. सोबत तुझी वही पाठवतो. ती तुझीच आहे. माझं पान हवं तर फाडून टाक, तुझं ठेव.”

सोमवारी सकाळी साडेदहाला सर टावर चौकातून फ्रीगंजच्या पोस्टात गेले. खिडकीपाशी चार माणसं होती. पाचवे होऊन ते उभे राहिले. पुढचा एक एक सरकत गेला तसे तेही सरकले. काउंटरवरच्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, बंगळूर का, म्हणून विचारलं, आणि आत काय आहे ते विचारलं.

“एक पुरानी कॉपी है,” सर म्हणाले; वहीला इकडे कॉपीच म्हणतात. मग बाईंनी विचारलेलं नसताना त्यांनी पुढे सांगितलं, “मेरी नहीं. मेरी एक छात्रा की.”

बाईंनी पिनकोड टाकला, चिकटपट्टी लावली, पावती दिली, आणि विचारलं की आणखी काही आहे का. सरांनी नाही म्हटलं, पण ते बाजूला झाले नाहीत. मागच्या माणसाने घसा खाकरला. बाईंनी पाकीट मागे न बघता स्पीड पोस्टच्या थैलीत टाकलं. ते आत पडल्याचं सरांनी पाहिलं, तेव्हा ते खिडकीपासून दूर झाले.